टेपने मोजलेली कारकीर्द

लांब उडीइतका काटेकोर हिशेब मागणारे खेळ फार थोडे असतील. खेळाडू तीस-चाळीस मीटर धावत येते, वीस सेंटिमीटर रुंदीच्या पांढऱ्या फळीवर पाय रोवून झेपावते आणि वाळूत उतरते. मोजमाप मात्र फळीच्या वाळूकडच्या कडेपासून सर्वांत जवळच्या खुणेपर्यंतच होते. पाय कितीही लांब पडोत, तोल जाऊन मागे हात टेकला की उडी त्या हाताच्या ठशापुरतीच. फळीच्या अलीकडूनच पाय उचलला, तर वाया गेलेल्या अंतराची भरपाई नाही, आणि पाय उचलताना बुटाचे टोक त्या कडेपलीकडे जरासे गेले तरी पंचांचा लाल झेंडा वर.

केरळच्या अंजू बॉबी जॉर्ज यांनी या हिशेबाची सगळी रूपे पाहिली. 2003 मध्ये पॅरिसला 6.70 मीटर उडी मारून त्यांनी कांस्यपदक मिळवले. जागतिक मैदानी स्पर्धेतले भारताचे ते पहिलेच पदक. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्यांनी 6.83 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी क्रमांक सहावाच आला. अवघ्या दोन सेंटिमीटरने पुढे असलेल्या मॅरियन जोन्स नंतर उत्तेजकांच्या प्रकरणात बाद ठरल्या आणि अंजू पाचव्या झाल्या. 2005 च्या मोनॅकोतील जागतिक ॲथलेटिक्स फायनलमध्ये तर पहिल्या आलेल्या रशियाच्या तात्याना कोतोव्हा यांच्या उत्तेजक चाचणीच्या जुन्या नमुन्याची फेरतपासणी झाल्यावर, कित्येक वर्षांनी, अंजू यांच्या रौप्याचे सुवर्ण झाले. न्याय झाला हे खरे. पण विजयमंचाची वरची पायरी काही मागाहून टपालाने येत नाही. मला विशेष वाटते ते हे, की या सगळ्या उलथापालथीत क्रमांक बदलले, टेपने एकदा नोंदवलेले आकडे मात्र तसूभरही हलले नाहीत.

2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मात्र पात्रता फेरीतले त्यांचे तिन्ही प्रयत्न फाऊल ठरले आणि टेप उलगडण्याची वेळच आली नाही. आपण एकाच मूत्रपिंडावर हे सारे केले, असे त्यांनी 2020 मध्ये सांगितले. टेपला अर्थातच त्याच्याशी देणेघेणे नव्हते.

निवृत्तीनंतरही सेंटिमीटरांनी त्यांची पाठ सोडली नाही. पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे त्यांचे प्रशिक्षक, आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेली शैली सिंग 2021 मध्ये नैरोबीच्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत 6.59 मीटर झेपावली. सुवर्ण 6.60 ला गेले.