तुलुम: समुद्राकाठची माया तटबंदी आणि जमिनीखालचं पाणी

मेक्सिकोतल्या तुलुमचे, म्हणजे जुन्या माया लोकांच्या शहराचे, अवशेष आणि जवळची सेनोते (जमिनीखालच्या पाण्याची उघडी कुंडं) एकाच दिवशी बघावेत, आणि तेही याच क्रमाने. सकाळी आठला दरवाजे उघडतात तेव्हा आत असावं, कारण दहानंतर कानकूनकडच्या बसगाड्या येऊ लागतात आणि आत सावली जवळजवळ नाहीच.

शहराला तीन बाजूंनी तट आहे. चौथ्या बाजूला सुमारे 12 मीटरचा कडा आणि खाली कॅरिबियन समुद्र. तटाला पाच दरवाजे, तेही अरुंद. आतलं बांधकाम मुख्यतः तेराव्या ते पंधराव्या शतकातलं; 1518 मध्ये ग्रिहाल्वाच्या स्पॅनिश जहाजांनी हा किनारा पाहिला तेव्हाही इथे वस्ती होती. कड्यावरच्या ‘कास्तियो’ या मुख्य इमारतीवर चढायला बंदी आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते भित्तिचित्रांचं मंदिर. तिथेही बाहेरूनच बघावं लागतं, म्हणून छोटी दुर्बीण जवळ ठेवा. दारावरच्या कोनाड्यांत डोकं खाली, पाय वर असलेला उतरता देव नक्की शोधा.

ज्या चुनखडीतून हा तट उभा राहिला, तिच्यातच पाणीही दडलेलं आहे. पाऊस थेट झिरपून जातो, त्यामुळे या भागात जमिनीवर नद्या दिसत नाहीत, त्या भुयारांतून वाहतात. भुयाराचं छत कोसळलं की खाली पाणी उघडं पडतं, तेच सेनोते. माया लोकांचं पिण्याचं पाणी हेच.

ग्रान सेनोते गावापासून चारेक किलोमीटरवर, कोबाच्या रस्त्यावर आहे. उतरण्याआधी शॉवर सक्तीचा असतो, आणि सनस्क्रीन पूर्ण धुवावं लागतं, कारण त्यातली रसायनं थेट भूजलात जातात. म्हणून सकाळपासूनच सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा स्विम शर्ट आणि टोपी वापरा. पाणी बारा महिने 24-25 अंश. उन्हातून आल्यावर सुखावतं, पण अर्ध्या तासात मुलं कुडकुडू लागतात. लवणस्तंभांना हात लावू नका: त्वचेचं तेल बसलं की तिथली वाढ थांबते.

तांकाहजवळच्या कासा सेनोतेत कांदळवनातून पोहत जाता येतं. तिथलं पाणी जमिनीखालून समुद्राला मिळतं. वर गोडं, खाली खारं, आणि दोन्ही मिसळतात तिथे सगळं अंधुक दिसतं. मास्कवर वाफ धरली असं वाटून लोक तो काढतात, नाकात पाणी जातं. मास्क न काढता हातभर वर या, लगेच स्वच्छ दिसेल.

गुहेत दोरीपलीकडे जाऊ नका. दोस ओहोस या सेनोतेची भुयारं 2018 मध्ये साक आक्तुन या भुयारांच्या जाळ्याशी जोडलेली आढळली: तेव्हा एकूण सुमारे 347 किलोमीटर, सगळी पाण्याखाली. स्नॉर्कल लावून पोहणाऱ्याने उजेड दिसतो तिथवरच राहावं.

रोख पेसो जवळ असू द्या. अनेक सेनोतेंवर कार्ड चालत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.