मग नाव कोणाचं दिलंत?

माझी ओळख करून देताना कुणी म्हटलं की "हिने पतंगाची नवीन जात शोधलीये", तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा! मग नाव कोणाचं दिलंत? स्वतःचं?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे हाच. मामीने तर फोनवर हॅलोच्याही आधी विचारलं, "तुझं नाव घातलंस का न्हाई त्येला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही घातलं. आणि जे ठेवलंय तेही आज सांगणार नाही. शोधनिबंध अजून छापून यायचाय. वर्णन प्रसिद्ध होण्याआधी नुसतं नाव बाहेर पडलं, तर त्याला लॅटिनमध्ये 'नोमेन न्यूडम' म्हणतात, म्हणजे उघडंनागडं नाव. शास्त्रात त्याला काडीची किंमत नाही. बारसं होईपर्यंत नाव कानातच सांगायचं, तसंच हे.

स्वतःचं नाव देऊ नये असा लेखी नियम नाही, पण सहसा तसं कुणी करत नाही. स्वतःच्या सत्काराच्या पत्रिका स्वतःच वाटत फिरण्यासारखं ते. तरी आमची हौस अगदीच उपाशी राहत नाही. जातीच्या नावामागे वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं. मोठा ॲटलास पतंग बघा: 'ॲटॅकस ॲटलास (लिनियस, 1758)'. लिनियसने त्याला दुसऱ्या जीनसमध्ये, म्हणजे वंशात, ठेवलं होतं, म्हणून कंस. पुढे कुणी माझ्या पतंगाला उचलून दुसऱ्या जीनसमध्ये टाकलं, तर आडनाव राहील, फक्त असंच कंसात जाईल. सासर बदललं की माहेरचं नाव कंसात, म्हणा ना.

पण खरं सांगू? नाव ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ लागली. त्याआधीची तीन वर्षं वेगळ्याच कामात गेली. हा पतंग जुना नाही, हे सिद्ध करण्यात.

सापडला तो माझ्या आजोळी, राधानगरीच्या अलीकडच्या एका वाडीत. जूनची अमावास्या, नुकताच पाऊस पडून गेलेला. सोप्यासमोर दोरीवर मामाचं जुनं धोतर ताणून बांधलं आणि त्याच्यापुढे 160 वॅटचा मर्क्युरीचा दिवा लावला. आठ वाजेपर्यंत धोतर दिसेनासं झालं, एवढी पाखरं. त्यातच हा बसला होता, अंगठ्याच्या नखाएवढा, गवती पिवळा, कडेला राखाडी पट्टी. युरेका वगैरे काही झालं नाही. ओळखीचाच वाटला. वहीत दुसऱ्याच एका जातीचं नाव लिहिलं आणि पेटीत टाचून ठेवला. सोळा महिने तो त्या चुकीच्या नावाने माझ्याकडे नांदला.

या गटातले पतंग दिसायला एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा असेच. अळ्या झाडांच्या सालीवरची दगडफुलं खातात. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूलही त्याच जातकुळीतलं. एवढं ऐकून मामीला त्या पतंगाबद्दल जरा आपलेपणा वाटायला लागला.

आता जुना नाही हे कसं ठरवायचं? आपल्याकडच्या पतंगांची नावं बहुतेक साहेबांनी ठेवलेली. चार्ल्स स्विन्हो हा फौजेतला अधिकारी, 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांपैकी एक. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. स्विन्होने मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर 1885 साली लिहिलं. मग जॉर्ज हॅम्पसन. हा निलगिरीत चहाचे मळे करायला आला आणि पतंगांत अडकला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवरचे त्याचे चार खंड 1892 ते 1896 मध्ये निघाले. आजही आमची सुरुवात तिथूनच होते. घोळ असा की ही मंडळी मुख्यतः पंख बघून वर्णन करायची. "पिवळट, कडेला करडी पट्टी." अशा वर्णनात निम्मी पेटी बसते! मग ज्या नमुन्यावरून ते नाव दिलं तो मूळ नमुना बघावा लागतो, आणि त्यातले कितीतरी लंडनच्या म्युझियममध्ये. एका नावामागे एक, असे फोटो मागवायचे. पंखांचे नव्हे, पोटाच्या टोकाचे.

कारण खरा फरक तिथे असतो. सारख्या दिसणाऱ्या जातींत नराचे जननावयव वेगळ्या घडणीचे असतात. वाळलेलं पोट मोडून काढायचं, कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात मऊ करायचं, ब्रशने खवले झाडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्लिसरिनमध्ये उलगडायचं. पहिल्या नराचं पोट मी मोडलं, बाटली घ्यायला वळले, आणि वर पंखा चालू होता. पोट गेलं. दोन तास फरशीवर रांगत शोधलं. त्या नमुन्याच्या टाचणीला आता एक चिठ्ठी जास्तीची आहे: "पोट हरवलं". दुसऱ्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की वहीतलं नाव खोटं आहे. मामीने विचारलं, "पर बघितलंस काय नेमकं?" मी म्हटलं, "शेपटीचा आकार." काय सांगणार!

नवीन जाती जंगलात सापडतात असं लोकांना वाटतं. बऱ्याचशा पेटीत सापडतात. अमेरिकेतला तो 2017 चा गाजलेला पतंग, डोक्यावरच्या पिवळट पांढऱ्या खवल्यांमुळे ज्याला डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव मिळालं, तोही कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहातून मागवलेले नमुने चाळताना वाझरिक नझारी यांच्या हाती लागला. 2012 च्या एका अभ्यासात निघालं होतं की नमुना गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात. त्या मानाने आम्ही एक्सप्रेस गाडीत बसलो.

डीएनएही तपासला. तो आमच्याच बाजूने बोलला, पण पोटाने आधीच सगळं सांगून टाकलं होतं.

आता सात नमुने आहेत, चार नर, तीन माद्या. त्यातला एक नर 'होलोटाइप', म्हणजे यापुढे त्या नावाचा अर्थ काय, तर हा एक कीटक. त्याला लाल चिठ्ठी. तो माझ्याकडे राहणार नाही, सरकारमान्य संग्रहात जाईल. 2002 च्या जैवविविधता कायद्याने नवीन जातीचे नमुने तिथे द्यावेच लागतात.

देण्याआधी पेटी आजोळी नेली होती. मामीने चष्मा लावून चिठ्ठ्यांकडे बघितलं. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. "वाच की," म्हणाली. मी वाचलं: जिल्हा, तालुका, वाडीचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख.

"ही वाडी आपली न्हवं," मामी म्हणाली. "ही वढ्यापल्याडची."

नाव मी नकाशावरून उतरवलं होतं. त्या रात्री सोप्यात बसून सातही चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, आणि निबंधातलं एक वाक्य बदलून पाठवलं.