अमावस्येला नाही, अष्टमीला

ताऱ्यांचे फोटो काढायचे तर अमावस्येला जा, असं सगळे सांगतात. नुसतं आकाश हवं असेल तर ते बरोबरच आहे. पण समोर जुनी दगडी इमारत असेल तर मी शुक्ल सप्तमी-अष्टमीची रात्र निवडते. अमावस्येला इमारत म्हणजे काळ्या कागदाचं कात्रण. कड दिसते, दगड दिसत नाही. आणि मला दगडच हवा असतो: चिऱ्यांमधले सांधे, झिजलेल्या पायऱ्या, कमानीच्या आत दाटलेली सावली.

अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, म्हणून त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो, कारण त्या दिवशी आपल्याला दिसणाऱ्या भागावर ऊन तिरकं पडतं आणि तिथले खळगे नि डोंगर स्वतःच्याच सावलीत असतात. फोटोला नेमका एवढाच उजेड लागतो. भिंत उजळते आणि तारेही टिकतात. रात्री दहाच्या सुमारास हा चंद्र पश्चिमेकडे बराच खाली आलेला असतो. कॅमेरा उत्तरेकडे रोखला की उजेड डावीकडून भिंतीवर घासून जातो आणि दगडाचा खडबडीतपणा उठून दिसतो. चंद्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर तीच भिंत सपाट दिसते.

उत्तरेकडे रोखण्यामागे माझा आणखी एक हट्ट आहे, ध्रुवतारा. उत्तर गोलार्धात तो क्षितिजापासून जवळपास तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो. त्यामुळे तो मनोऱ्याच्या बरोबर टोकावर बसवायला कुठे उभं राहायचं, हे दिवसाउजेडीच काढता येतं. मनोऱ्याचं टोक कॅमेऱ्यापेक्षा १२ मीटर उंच असेल आणि अक्षांश २० असेल, तर साधारण ३३ मीटर मागे जायचं. अक्षांश ४५ असेल तर १२ मीटरच पुरतात. ही जागा मी दुपारीच मोजून खूण करून ठेवते. इमारतीची ओळख उन्हात झालेली असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अंधारात पोचून कोन शोधणारे लोक बहुतेक वेळा फक्त आकाशाचा फोटो घेऊन परततात.

लेन्स २० मिलिमीटरची, उजेड आत येण्याचं छिद्र (अॅपर्चर) एफ २.८. कॅमेरा उभा धरायचा, पण वर झुकवायचा नाही. झुकवला की भिंती आत कलतात आणि इमारत मागे पडतेय असं वाटतं. फुल फ्रेम कॅमेरा (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा) उभा आणि समतल ठेवला, तर या लेन्समध्ये क्षितिजाच्या वर सुमारे ४२ अंश आकाश येतं. फोकस लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र, मोठं करून एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने करायचा. या लेन्सवर अनंतावर फोकस केला तरी पाचेक मीटरपासून पुढचं सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं, त्यामुळे इमारतीसाठी वेगळा फोकस लागत नाही.

आधी इमारत: आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, ३० सेकंद. चांदणं म्हणजे परतून आलेलं ऊनच, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, आणखी वाढवलं तर आकाश दिवसासारखं निळं होतं. मी ते तिथवर नेत नाही, रात्र रात्रच दिसायला हवी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारं सेटिंग, ४००० केल्विनच्या आसपास ठेवते. एखाद्या खिडकीत दिवा असेल तर तेवढ्यासाठी एक छोटं एक्स्पोजर वेगळं घ्यावं.

मग थांबायचं. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, तोवर ट्रायपॉडला हात लावायचा नाही. लेन्सवर दव धरतं, त्याकडे मात्र लक्ष हवं. चंद्र गेल्यावर खरं काळं आकाश मिळतं: आयएसओ ३२००, १५ सेकंद. तारे ठिपकेच राहावेत म्हणून सेकंद काढायचा नियम आहे, पाचशे भागिले फोकल लेंग्थ (इथे २०); त्याने २५ सेकंद चालायला हवेत, पण आजच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट होतात, विशेषतः खगोलीय विषुववृत्ताजवळचे, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वर आकाशात येणाऱ्या रेषेजवळचे. असे दहा-पंधरा फोटो एकावर एक रचले की दाणेदारपणा चांगलाच कमी होतो.

इमारत चांदण्यातली आणि आकाश चंद्रास्तानंतरचं, असे दोन थर जोडायला माझी हरकत नाही. जागा तीच, रात्र तीच. मधल्या दोन तासांत तारे ध्रुवाभोवती ३० अंश फिरलेले असतात, ध्रुव मात्र टोकावरून हललेला नसतो. दुसऱ्या ठिकाणचं आकाश मी कधीच चिकटवत नाही. उत्तरेच्या मनोऱ्यामागे मृग नक्षत्र दिसलं की आकाश ओळखणाऱ्याला ते तत्काळ खटकतं, आणि त्या इमारतीवरही तो अन्याय आहे. म्हणून प्रत्येक फोटोखाली मी दोन्ही एक्स्पोजरच्या वेळा लिहिते.