तिजेची भरती

नवी मुंबईचा बराचसा सपाट भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळी जमीन भराव घालून उंच करणं अतोनात खर्चाचं होतं, म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोलीसारख्या नोडमध्ये, म्हणजे शहराच्या उपनगरांमध्ये, खाडीच्या कडेला धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी खाडीच्या दाबानं तलावाच्या तोंडावरची झडप आपोआप मिटते आणि वसाहतीतलं पावसाचं पाणी आत साठतं. ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून खाडीत जातं. पावसाळ्यात या झडपा आणि पंप सांभाळणाऱ्या तुकडीत मी अभियंता आहे.

जुलैमधली पौर्णिमा उलटून तीन दिवस झाले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि सकाळी एका तलावावरून फोन आला: खाडीतून वाहत आलेला ओंडका झडपेत अडकलाय, झडप मिटत नाही. आम्ही पोचलो तेव्हा खारं पाणी आत घुसायला लागलं होतं आणि सखल गल्ल्यांमधली गटारं तुडुंब भरली होती. पोरांनी ओंडक्याला साखळी बांधून चेनपुलीनं ओढायला सुरुवात केली. ओंडका हलेना.

बांधावर जवळच्या गावठाणातले एक काका छत्री घेऊन उभे होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, आगरी. ते म्हणाले, "बाय, आता जोर नको लावू. साखली तुटंल नायतर झरप मोरंल. आतलं न् भायेरचं पानी सारखं झालं का झरप सैल परंल, तवा ओढ."

बरोबर होतं. दोन्ही बाजूंची पातळी एक झाली की झडपेवर दाब उरत नाही. प्रश्न एवढाच होता, की ती वेळ कधी येणार. तोवर पंप चालू ठेवायला डिझेल किती लागेल, हे त्यावरच ठरणार होतं. माझ्याकडचा भरती-ओहोटीचा तक्ता मुंबईच्या अपोलो बंदराचा. त्यावरून मी तीनच्या सुमाराचा अंदाज धरला होता. काकांनी तिथीला तीननं गुणलं, चारनं भागलं; जे येतं ते भरतीचे वाजलेले तास. तिजेची भरती सवादोनला, आपल्या खाडीत थोडी उशिरा. त्यात पारसिकच्या डोंगराचं सगळं पाणी नाल्यांनी खाडीत उतरतंय, ते ओहोटीला दाबून धरणार. "च्यारच्या आधी नाय," ते म्हणाले. मी डिझेलचा दुसरा टँकर मागवला.

मग आम्ही वाट बघत बसलो आणि काका बोलत राहिले. तलाव आहे तिथे गावाची सगळ्यात खोल खाचरं होती. खाडीच्या बाजूला मातीचा बांध आणि बांधात उघाडी. लाकडी दार, भरतीला बंद, ओहोटीला उघडं; पावसाचं गोडं पाणी जमिनीतला खार धुऊन काढायचं आणि मग भात लागायचं. उधाणाला बांधाला खांड पडली, तर अख्खा गाव रात्री चिखल थापायला जायचा. मी ऐकत होते आणि समोरच्या लोखंडी झडपेकडे बघत होते. काम अगदी तेच!

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना त्याआधीच मांडली होती, आणि तिचं मोठेपण मला आजही वाटतं. पण ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्या आराखड्याखाली आली. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी वजावट होऊन शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्केच पडतात. म्हणजे एकरामागे साधारण साडेतीनशे चौरस मीटर. काकांचा भूखंड चार भावांत वाटला गेला. ते सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. माझ्या पोटात मात्र कालवलं. ज्यांनी ही जमीन समुद्राकडून पिढ्यान् पिढ्या राखली, त्यांना शहरानं मोबदला मोजून दिला, पण पाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना झडप हलली. खाली उतरलेल्या पोरानं ओरडून सांगितलं, पुली फिरली आणि ओंडका सुटला. पाच मिनिटांत तलावाचं पाणी खाडीच्या दिशेनं धावायला लागलं. संध्याकाळपर्यंत गल्ल्या मोकळ्या झाल्या.

आता या तलावांत गाळ साचलाय आणि कांदळवनही वाढलंय. कांदळवनाला संरक्षण आहे, ते असायलाच हवं. त्यामुळे गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. तोवर साठवण कमीच राहणार आणि झडपांवरची भिस्त वाढत जाणार. म्हणून यंदा मी जुन्या गावनकाशांच्या नकला मागवल्या आहेत आणि प्रत्येक तलावाजवळची जुनी उघाडी कुठे होती, पाणी आधी कुठून आत यायचं, याची नोंद करायला घेतली आहे. काका मे महिन्यात तपासणीला बरोबर येणार आहेत. शेजारच्या दोन गावांत कोणाला विचारायचं, ती नावंही त्यांनीच लिहून दिली.