सिस्टर, ब्रदर आणि दाढीवाला मेट्रन

नागपुरात मी नऊ वर्षं सिस्टर होती. ड्यूटीवर तर होतीच, पण धरमपेठेत भाजी घेताना एखादा जुना पेशंट भेटला तरी "काय सिस्टर, ओळखलं का?" मेडिकल असो, मेयो असो की प्रायव्हेट, नर्सचा ड्रेस दिसला की सिस्टर, मग ती कालच जॉइन झालेली पोरगी असो की रिटायरमेंटला टेकलेली इन्चार्ज. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या लेडी डॉक्टरलाच "सिस्टर, डॉक्टर कधी येतीन?" विचारणारे नातेवाईक तर किती पाहिले, त्या बिचाऱ्या आता चिडत पण नाहीत.

तर तीच सवय घेऊन मी इंग्लंडात यॉर्कशायरला आली. वॉर्डातला पहिलाच आठवडा, आणि औषधांच्या राउंडला सोबत असलेल्या पोरीला मी बिनधास्त हाक मारली, सिस्टर, जरा कपाटाची चावी दे. ती आधी मागे वळून बघायला लागली की कोण आलं, मग हसतच सुटली, म्हणे तेवढा पगार असता तर काय पाहिजे होतं! कारण इथे सिस्टर ही पोस्ट आहे. नवी नर्स लागते बँड ५ ला (बँड म्हणजे इथली पगाराची श्रेणी), मध्ये बँड ६, आणि सिस्टर म्हणजे बँड ७, अख्खा वॉर्ड तिच्या नावावर, रोस्टर, रजा, तक्रारी, सगळं. आमच्याकडे तिचा ड्रेस नेव्ही ब्लू, तो कॉरिडॉरच्या टोकाला दिसला की सगळ्यांचे मोबाइल आपोआप खिशात.

आता तीच पोस्ट पुरुषाला मिळाली तर? मला वाटलं ब्रदर म्हणत असतील, आपल्याकडे म्हणतोच ना. नाही! तो चार्ज नर्स. काम तेच, बँड तोच, पण तिचं नाव नात्याचं आणि याचं नाव चार्जचं. ते सिस्टर आलं मठातल्या नन्सवरून, जुन्या काळी त्याच आजाऱ्यांचं करायच्या. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने, म्हणजे नर्सेसच्या संघटनेने, पुरुषांना मेंबर करून घेतलं तेच मुळी १९६० मध्ये.

पण खरी गंमत मेट्रनची. सिस्टरच्याही वर मेट्रन. एक दिवस कोणीतरी येऊन सांगितलं, मेट्रन येतायत, आणि मी धडाधड टेबलं आवरायला लागली, डोक्यात आमची ट्रेनिंगची मेट्रन, कडक इस्त्रीची साडी, चष्म्यावरून बघणारी. आला कोण तर सहा फुटी दाढीवाला माणूस, बॅजवर ठळक अक्षरात मेट्रन, आणि कोणाला त्यात काही वाटूनच नाही राहिलं. बाईने पुरुषाच्या पदाचं नाव घेतलेलं आपल्याला सवयीचं आहे, आमच्या प्रतापनगरच्या सोसायटीत चेअरमन काकूच आहेत आणि कोणी अडखळत पण नाही, पण पुरुषाने बाईचं पद नावासकट घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यात मेट्रन हा शब्द निघालाय लॅटिनमधल्या आईवरून!

आईला फोनवर सांगितलं तर, "माणूस हाय ना थो? मंग त्याले मेट्रन कायले म्हणते बाप्पा?"

हसा, पण आपलं सरकारी मराठी पण एकदा काढून बघा. स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डची इन्चार्ज परिसेविका, आणि मेट्रन अधिसेविका. म्हणजे बाई जितकी वर चढली तितकी सेविका पक्की! तिकडे डॉक्टर लोकांचं बघा, वैद्यकीय अधीक्षक, अधिष्ठाता. त्यांच्यात नाही कोणी सेवक. मला आधी हे कधी खटकलंच नव्हतं, पगारपत्रकावर दर महिन्याला दिसायचं तरी.

यंदा मला बँड ७ मिळालं. बॅजवर काय पाहिजे म्हणून मेल आला, वॉर्ड मॅनेजर की सिस्टर. दोन दिवस घोळ घातला. मॅनेजर म्हटलं की मला बँक आठवते, आणि इथल्या म्हाताऱ्या पेशंटना काही मनासारखं झालं नाही की त्या मॅनेजरला नाही, सिस्टरला बोलवा म्हणतात, आणि आवाजातच कळतं की आता कोणाची तरी वाट लागणार आहे. घेतलं सिस्टर.

नेव्ही ब्लू ड्रेसमधला फोटो आईला पाठवला. तिने लगेच शेजारच्या काकूंना दाखवला, माही पोरगी तिकडं सिस्टर झाली म्हणून.

काकू म्हणे, "अवं बाई, मंग इतके वर्ष काय होती ते?"