सातबारा आणि सडा

शाहूवाडी-पन्हाळ्याकडच्या सड्यांची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांची, नोंद सातबाऱ्यावर बहुधा 'पोटखराबा' अशीच सापडते. पीक येत नाही म्हणून खराबा. पण पावसाळा सरत आला की त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं निळीजांभळी फुलतात, आणि तोवर एखादा दलाल 'व्ह्यू'चे प्लॉट दाखवत फिरत असतो.

अशी जमीन विश्वस्त संस्थेने विकत घेऊन राखावी, हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात जमिनीची नोंद शेतजमीन म्हणून असेल, तर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते, कारण शेतकरी नसलेल्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही. मात्र एकदा ती न्यासाच्या नावावर चढली, की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विश्वस्तांना ती विकता येत नाही. माझ्या मते खरे कुंपण हेच आहे, तारेचे नव्हे.

मालकी न सोडताही एक वाट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव क्षेत्रा'ची तरतूद आली. मालकाने स्वखुशीने जमीन त्यात दिली, की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता असल्याखेरीज तिचा वापर बदलता येत नाही. राधानगरी अभयारण्याबाहेर खासगी मालकीचे रान पुष्कळ आहे, आणि गवे हद्दीचे दगड पाहून चरत नाहीत. तेव्हा जमीनधारकांनी प्लॉटची बोलणी सुरू होण्याआधीच या तरतुदीची चौकशी वनविभागाकडे करावी.