गोठ्याचा वास आणि दोन निकेल

रविवार, रात्री साडेदहा

आज गावाकडं आलेय, खानापूरच्या अलीकडं. दुपारभर पाऊस, त्यामुळं शेण काढायला उशीर झाला आणि गोठ्याचं दार उघडलं तर अमोनियाचा असला भपकारा आला की डोळ्यातनं पाणीच. वास लहानपणापासून ओळखीचा, पण ह्या आठवड्यात बेळगावात कॉलेजला पोरांना एन्झाइम शिकवतेय म्हणून नाक धरायच्या आधी डोक्यात आलं, हे युरिएज. म्हशीच्या मुतात युरिया, खाली जमिनीत बॅक्टेरिया, त्यांच्याकडं युरिया फोडून अमोनिया करणारं हे एन्झाइम. ते नसतं तर युरिया नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षं तसाच राहिला असता, हे एन्झाइम तेच काम जवळजवळ 100 लाख कोटी पट वेगानं उरकतं, मग एका दुपारीत गोठा भरला तर नवल काय!

जेवण झाल्यावर लॅपटॉप काढला, उद्याच्या तासासाठी युरिएजची रचना फिरवून बघत होते. आप्पा मागं येऊन उभारले. "काय बगालीस एवढं? लोकरीचा गुंडा हाय व्हय?"

गुंडाच दिसतो की. हा क्लेबसिएला नावाच्या बॅक्टेरियाचा, 1995 सालचा, युरिएजचा क्रिस्टल म्हणजे खडा करून त्यावर एक्स-रे मारून काढलेलं चित्र. आत मधोमध निकेलचे दोन अणू, एकमेकांपासून साडेतीन अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग, हे मी आप्पांना सांगितलं नाही). मला सगळ्यात आवडतो तो त्यातला लायसिन, प्रोटीनच्या माळेतला एक मणी (अमिनो आम्ल). त्यानं कार्बन डायऑक्साइड अंगावर घेतलाय आणि त्याच्या दोन ऑक्सिजननी दोन्ही निकेल धरून ठेवलेत. युरिएज चालू व्हायला कार्बन डायऑक्साइड लागतो हे आधीपासून माहीत होतं, का लागतो ते क्रिस्टल बघितल्यावर कळलं. प्रयोग करून करून जे सुटत नव्हतं ते एका चित्रात.

पण चित्र हे चित्रच, हलत नाही. आणि युरिया आत गेला की फुटून मोकळा होतो, फोटो काढणार कधी? आप्पांना म्हटलं, गुऱ्हाळात चरक फिरत असताना आत ऊस कुठं धरला जातोय ते दिसतं का? अडकला की मगच दिसतं. ते म्हणाले, होय की. तर माणसांनी इथं तेच केलं, मुद्दाम अडकेल असा रेणू आत घातला, फुटायच्या मधल्या अवस्थेतल्या युरियासारखा दिसणारा पण न फुटणारा. 1999 ला दुसऱ्या एका बॅक्टेरियाच्या, बॅसिलस पाश्चुरीच्या युरिएजमध्ये हे बघितलं तर निकेलच्या तोंडावर एक झडप, रिकाम्या एन्झाइमची उघडी आणि अडकलेल्याची बंद. म्हणजे झडप हलताना कुणीच बघितली नाही, दोन फोटो शेजारी ठेवून ताडलं. खरा युरिया आत बसलेला सापडायला 2019 उजाडलं, तेही फ्लोराइड घालून काम थोपवल्यावर.

क्रिस्टल हा शब्द म्हणायला सोपा. माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला खडे धरतील म्हणून सहा महिने एका बॅक्टेरियाच्या प्रोटीनचे थेंब टांगून बसले होते, एकदा चकाकणारे खडे दिसले, आनंदानं सुईनं दाबून बघितले तर कर्रकन वाजले. मीठ! प्रोटीनचा खडा खडीसाखरेसारखा टणक नसतो, निम्मं पाणीच असतं त्यात, हात लागला की चुरा. रडूच आलं होतं, नंतर जेम्स समनर ह्या अमेरिकन केमिस्टबद्दल वाचून जरा बरं वाटलं. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून डावा हात गेला आणि हा गडी नेमका डावखुरा, वरून लोक म्हणाले एका हातानं केमिस्ट्री जमायची नाही. नऊ वर्षं झटून 1926 ला जॅक बीनमधून (आपल्या आबईची चुलत बहीण) युरिएजचे खडे काढले, एन्झाइमचे जगातले पहिले. तरी एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे बरीच वर्षं मोठमोठ्या लोकांच्या गळी उतरलं नाही, नोबेल 1946 ला. त्या खड्यांत निकेल आहे हे तर 1975 ला कळलं.

आप्पा हे सगळं ऐकत नव्हते, ते युरियावरच. "मग टाकला की लगेच पाणी द्या म्हणतोय ते ह्यासाठीच व्हय, न्हाईतर वाऱ्यावर जातंय." बरोबर, वरच राहिला तर जमिनीतलं युरिएज त्याचा अमोनिया करून उडवतंय, पाण्याबरोबर खाली मुरला तर मातीत धरला जातो. आप्पांना हे निकेलशिवाय माहीत होतं.

मग म्हणाले, "त्या झडपेला कुलूप लावायचं औषध हाय काय?"

आहे म्हटलं, निकेलवर जाऊन बसणारं, परदेशात युरियात मिसळून देतात. आपल्याकडं 2015 पासून येतोय तो कडुनिंबवाला, पण कडुनिंब मुख्यतः पुढच्या टप्प्यावर काम करतो, अमोनियाचा नायट्रेट होताना.

"45 किलोच्या पिशवीमागं किती पडंल?"

मला माहीत नव्हतं. "मग काय शिकवतीस," म्हणाले आणि झोपायला गेले.